ताईंचे बुधवार आणि शुक्रवार

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा सगळ्या विभागप्रमुखांना एखाद्या हॉटेलात नेऊन दिवसभर शिकवून आणायची पद्धत आहे. जेवण चांगलं असतं, एसी जास्त असतो आणि चारनंतर सगळे घड्याळाकडे बघत असतात. त्या वर्षीचा विषय होता, हाताखालची माणसं कामावर आनंदी कशी ठेवायची. शिकवायला आलेला मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा होता. त्याच्या बुटांत मोजे नव्हते आणि बोलताना तो सारखा आमच्या खुर्च्यांमधून फिरत होता. त्याने सांगितलेलं बाकीचं सगळं मी परतीच्या टॅक्सीत विसरले. एक प्रश्न तेवढा डोक्यात राहिला. त्याने विचारलं होतं, "तुमच्यापैकी किती जण आपल्या टीमबरोबर बसून जेवतात?" काही हात वर झाले. माझा झाला नाही आणि मला उगाचच चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

तो प्रश्नही टॅक्सीत विसरले असते तर बरं झालं असतं. एका बाईचं नोकरीतलं शेवटचं वर्ष मी त्या प्रश्नापायी बेचव करून टाकलं, आणि तेही तिला आनंदात ठेवायच्या नादात.

मी मेडिक्लेमचे दावे तपासणाऱ्या विभागाची प्रमुख आहे. हॉस्पिटलची बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांच्या पावत्या दिवसभर आमच्याकडे येत असतात आणि त्यातलं काय मंजूर करायचं, कुठे हरकत घ्यायची ते आम्ही ठरवतो. ऑफिस लोअर परळला. हाताखालची बहुतेक माणसं लालबाग, परळ, भायखळा इथली, म्हणजे मूळची कोकणातली. मी गिरगावातली. आमचं घर पक्कं शाकाहारी. अंडं केकमधून वेश पालटून आलं तरच आत यायचं. मी लग्न केलं नाही. आई होती तोवर रात्री दोन पानं मांडली जायची, ती गेल्यावर एक. ऑफिसातही केबिनचं दार लोटून घेऊन मी एकटीच डबा खायची. पॅन्ट्री केबिनला लागूनच आहे. तिथे सगळे एकत्र जेवायला बसायचे आणि मधूनच हसण्याचा असा लोट यायचा की माझा हात पोळीवर थांबायचा. ते कशावर हसताहेत ते काही ऐकू यायचं नाही.

तेव्हा त्या बिनमोज्याच्या मुलाला फार दोष देण्यात अर्थ नाही. त्याने मला निमित्त दिलं. मला त्या टेबलाशी जायचंच होतं.

मी गेले तो बुधवार होता. डबा हातात घेऊन पॅन्ट्रीच्या दारात उभी राहिले तशी सगळी माणसं ताडकन उठून उभी राहिली. एकीचा चमचा खाली पडला. "अहो बसा, बसा," मी म्हटलं, "आजपासून मी तुमच्यात जेवणार आहे." कुणीतरी खुर्ची पुढे केली. समोर ताई होत्या. आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणतात, मीसुद्धा. त्यांनी पुढ्यातल्या डब्याच्या झाकणावर घाईघाईने डबाच पालथा घातला. मला वाटलं, त्यांचं जेवण झालं.

टेबलावर माशांचा वास भरून राहिला होता. मी तो ओळखला, आणि लगेच मोठ्या मनाने म्हटलं, "हे बघा, माझ्यामुळे काही थांबवू नका हं. मला काही त्रास होत नाही. तुम्ही खुशाल खा." हे मी मनापासून म्हटलं. फक्त म्हणता म्हणता माझ्या हाताने माझा डबा टेबलाच्या कडेला, माझ्या बाजूला, थोडासा ओढून घेतला. माझं माझ्या हाताकडे लक्ष नव्हतं. बाकी सगळ्यांचं होतं.

त्या पालथ्या डब्याखाली काय होतं ते मला फार पुढे कळलं, पण ते इथेच सांगून टाकते. ताई लालबागला राहतात, चाळीतल्या एका खोलीत. माहेर मालवणकडचं, समुद्राला लागून. नवरा छापखान्यात होता. काही वर्षांपूर्वी तो पोटाच्या मोठ्या दुखण्यातून उठला आणि त्याने तुळशीची माळ घातली. माळ घातली म्हणजे मासे-मटण बंद. माळ त्याची होती, ताईंची नव्हती, पण एका खोलीत एकच ओटा आणि एकच तवा. त्या घरात पुन्हा मासा शिजला नाही. नवरा तसा समजूतदार. "तू बाहेर खा, माझी ना नाही," म्हणाला होता. पण ताईंना बाहेर कुठे जायचं? हॉटेलात एकटीने बसून सुरमई मागवणाऱ्यातल्या त्या नव्हेत. त्यांचं बाहेर म्हणजे आमची पॅन्ट्री.

सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवारी ऑफिस बंद. राहिले बुधवार आणि शुक्रवार. त्या दोन दिवशी ताई घरून भाकरी आणि एखादी पालेभाजी आणायच्या आणि डब्याचं झाकण काढून पुढ्यात उताणं ठेवायच्या. त्या झाकणात बाकीच्यांच्या डब्यांतून काय काय येऊन पडायचं. कुणाच्या आईचा तळलेला बोंबील, कुणाचं सुकट. आमच्याकडे परळची एक मुलगी आहे, तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. तिची सासू डबा भरतानाच ताईंची म्हणून एक तुकडी जास्त घालायची. त्या बाईने ताईंना कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. हे सगळं कित्येक वर्षं चाललं होतं, माझ्या केबिनच्या भिंतीपलीकडे. आणि त्या बुधवारी, मी खुर्ची ओढून बसले तेव्हा, झाकणातल्या अर्ध्या बोंबलावर डबा पालथा घालून ताई मला म्हणाल्या, "बसा ना मॅडम. आमचं झालंच."

शुक्रवारी टेबलावर सगळी मटकी, फ्लॉवर आणि दुधी. मला वाटलं, योगायोग असेल. पुढच्या बुधवारीही तेच. तेव्हा मला उमगलं की ही माणसं माझ्यासाठी थांबली आहेत. आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी भारावून गेले. केवढी समजूत, केवढं प्रेम, असं मला वाटलं. घरी जाऊन आईच्या फोटोसमोर दिवा लावताना मी तिला हे सांगितलंसुद्धा.

मग मी त्या टेबलाच्या मागेच लागले. फुलाफुलांचा मेणकापडाचा टेबलक्लॉथ आणला. खुर्च्यांना नव्या गाद्या करवल्या. पॅन्ट्रीत जुना वास मुरला होता म्हणून खिडकीत मोगऱ्याच्या वासाचा फवारा आणून ठेवला आणि तो मारायची आठवणही मीच करायची. जेवताना ऑफिसचं काही बोलायचं नाही असा नियम केला. नियम करणं माझ्या अंगातच आहे. पण ऑफिसचं काढून घेतल्यावर माझ्यासमोर ती माणसं बोलणार काय? टोमॅटोचा भाव, मालिकेतली सासू आणि माझी आमटी. माझ्या आमटीचं इतकं कौतुक झालं की मी जास्त करून आणायला लागले.

हसणंही होतं. पण ते मी काही विनोद केला की व्हायचं, आणि सगळ्यांचं एकदम सुरू होऊन एकदम थांबायचं. भिंतीपलीकडून ऐकू यायचं ते हे नव्हे, हे मला कळत होतं. मी स्वतःची समजूत घातली की भिंतीमुळे आवाज वेगळा येत असणार.

श्रावण तोंडावर आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, चला, आता महिनाभर पाळायचं. मी लगेच म्हटलं, "अहो, तुमचा श्रावण तर केव्हाच सुरू झालाय." सगळे हसले. ताईही हसल्या. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. मला सगळं दिसत होतं आणि मी त्यावर विनोद करत होते.

ताई मात्र झाकण काढून पुढ्यात उताणं ठेवायच्या ते ठेवायच्याच. हाताची सवय. ते रिकामं झाकण मला दर वेळी समोर दिसायचं. मला वाटलं, काहीतरी द्यावं म्हणून ठेवलंय. मग मी त्यात वाढायला लागले. कोथिंबिरीची वडी, सुरळीची वडी, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी उरलेला मोदक. "घ्या ताई, लाजू नका," म्हणत मी त्यांच्या झाकणात घालायची आणि त्या खाईपर्यंत बघत बसायची. त्या खायच्या. "छान झालीय मॅडम," म्हणायच्या. एकदा मी आग्रहाने दुसरी वडी वाढली तेव्हा परळच्या मुलीने मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. मला वाटलं, तिचं काही घरी बिनसलं असेल. मी तिला नंतर केबिनमध्ये बोलावून मायेने विचारलंसुद्धा, काही टेन्शन आहे का म्हणून. ती नाही म्हणाली.

आणि मी एक दिवस चुकवला नाही. जेवणाच्या वेळेला कुणी मीटिंग ठेवली तर मी ठाम नकार द्यायची; माझी माणसं माझी वाट बघत असतात असं सांगायची. वरच्या साहेबांच्या कानावर ते गेलं. त्यांनी एका बैठकीत सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं. त्या वर्षी आमच्या विभागातून एकानेही नोकरी सोडली नाही, याचं श्रेयही त्यांनी त्या टेबलाला देऊन टाकलं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले ती खाली उतरलेच नाही.

ताई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं जेवण मी स्वतः ठरवलं. दादरच्या एका शाकाहारी हॉटेलात, चांगल्यापैकी. तिथली अळूवडी प्रसिद्ध आहे. साडी मी हिंदमाताला चार दुकानं पालथी घालून निवडली, त्यांना शोभेल अशी जांभळी, बारीक जरीची. जेवण झाल्यावर सगळ्यांनी ताईंना बोलायचा आग्रह केला. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मला काय बोलता येत नाही. पण मॅडम आमच्यात येऊन बसल्या, आमच्यासोबत जेवल्या. कधी साहेबपणा नाही दाखवला. अशी मॅडम सगळ्यांना मिळू दे." माझे डोळे भरून आले. मी त्यांना मिठी मारली. फोटोत मीच जास्त रडवेली दिसते आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी दाढ दुखायला लागली. दादरच्या डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली, म्हणून मी आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं की उद्या मी संध्याकाळीच येईन. पण डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले सूज आहे, आज हात लावत नाही, गोळ्या घ्या. मी तशीच ऑफिसला आले. जेवणाचीच वेळ होती. लिफ्टमधून बाहेर पडले आणि ते हसणं ऐकू आलं. तेच, पूर्वीचं, भिंतीपलीकडचं. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होणारं. मी पॅन्ट्रीच्या दारात गेले. माझा मेणकापडाचा टेबलक्लॉथ घडी करून खिडकीत ठेवलेला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर काटे. कोळंबीचं कालवण, तळलेले बांगडे, एका बाटलीत सोलकढी. मला बघून एकाने फवारा उचलला आणि मारायला लागला. बांगड्यांवर मोगरा.

मी केबिनमध्ये जाऊन बसले. थोड्या वेळाने परळची मुलगी आली. हात साबणाने धुऊन आली होती, तरी ते पाठीमागे धरून उभी राहिली.

"सॉरी मॅडम. तुम्ही येणार नव्हता म्हणून आणलं. पंखा लावलाय, आता वास जाईल."

"मी तुम्हाला कधी नको म्हटलं होतं का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला खरं म्हणजे राग आला होता, फसवलं गेल्याचा.

"नाही मॅडम. तुम्ही खा म्हणालात. पण डबा बाजूला घेतलात ना."

मला काही आठवेना. तिने माझ्या टेबलावरचा पेन-स्टँड उचलून, अलगद, बोटभर सरकवून दाखवला. मग ती बसली आणि तिने सगळं सांगितलं. झाकण, बुधवार, शुक्रवार, माळ, सासूने भरलेली तुकडी. मघाशी सांगितलं ते मला तिच्याकडून कळलेलं आहे. मी मध्येच म्हटलं, मला एका शब्दाने सांगायचं होतं. ती म्हणाली, "कसं सांगणार मॅडम? तुम्ही एवढ्या प्रेमाने यायचात. आणि आमचं काय, आम्ही घरी खातोच. ताईंचं वाईट वाटायचं. तुम्ही रजेवर असलात की आम्ही त्यांच्यासाठी आणणार होतो. पण तुम्ही रजाच घेतली नाही."

तोंडचा घास काढून घेणं असं आपण बोलताना सहज म्हणतो. मी तो वर्षभर, आठवड्यातून दोनदा, समोर बसून काढून घेतला होता, आणि वर त्या जागी कोथिंबिरीची वडी ठेवली होती. ताईंचं नोकरीतलं ते शेवटचं वर्ष होतं. घरी जाऊन बसल्यावर त्यांना कुणी झाकणात काही वाढणार नव्हतं. हे त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त त्यांना आनंदी ठेवायचं शिकून आलेल्या बाईला.

आणि मला ठाऊक का नव्हतं? कारण मी त्यांच्यासाठी गेलेच नव्हते. मला एकटीने जेवायचा कंटाळा आला होता. आई गेल्यानंतर मला कुणीतरी समोर हवं होतं, आमटी चांगली झालीय म्हणणारं. पगारावर असलेली माणसं दुसरं काय म्हणणार? मी माझा एकटेपणा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि त्याला नाव दिलं त्यांचा आनंद. हे कळल्यावर त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की डॉक्टरांनी दाढेमुळे वेळेआधी आणि मऊ जेवायला सांगितलंय, तर मी आपली केबिनमध्येच जेवेन. कुणी फार आग्रह केला नाही. दाढ बरी झाली तरी मी तिकडे गेले नाही. बुधवारी दाराच्या फटीतून बोंबलाचा वास आला. मी दार तसंच ठेवलं. एका शुक्रवारी परळची मुलगी वाटीभर सोलकढी घेऊन आली. "यात काही नाही मॅडम, नारळ आणि कोकम." मी प्यायले. चांगली होती. हसणं पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं होतं आणि आता ते ऐकायला मला बरं वाटायचं, पण त्यात ताईंचा आवाज नव्हता. त्यांचा खालच्या पट्टीतला, उशिरा सुरू होऊन उशिरा थांबणारा आवाज मला आता ओळखू यायला लागला होता, तो नसल्यामुळे.

शेवटी मी त्यांना फोन केला. म्हटलं, तुम्ही गेल्यापासून भेट नाही, एकदा जेवायला जाऊ. त्या म्हणाल्या, कशाला मॅडम, उगाच खर्च. मी ऐकलं नाही. परळच्या मुलीला विचारून दादरची एक मालवणी खानावळ निवडली. आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तिथे जाऊन मी फुटपाथवर उभी राहिले, आपल्याला आत बसवेल का ते बघायला. तळणाचा धूर थेट अंगावर येत होता. तरी उभी राहिले. ताईंना समोर बसवून पोटभर खाऊ घालायचं आणि सरळ माफी मागायची असं मी ठरवलं होतं. माफीची वाक्यंसुद्धा जुळवली होती.

ताई ती जांभळी साडी नेसून आल्या. थोड्या बारीक झाल्या होत्या, पण चेहरा शांत. आम्ही भिंतीकडेच्या टेबलाशी बसलो. पोऱ्याने विचारायच्या आत मी म्हटलं, "एक सुरमई थाळी, आणि एक साधी." आणि ताईंकडे बघून म्हणाले, "आज तुम्ही मनसोक्त खायचं. मी डबा बाजूला घेणार नाही." हे वाक्य मी पाठ करून गेले होते.

ताई हसल्या, संकोचून. म्हणाल्या, "कुणी सांगितलं तुम्हाला? त्या परळवालीने सांगितलं असणार." आणि पोऱ्याला हाक मारून त्यांनी सांगितलं, "बाळा, दोन्ही साध्याच आण." मग पदर थोडा सरकवून गळ्याशी हात नेला आणि तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. मणी अजून नवे होते, पिवळट.

"आमच्या ह्यांची कधीपासूनची इच्छा होती," त्या म्हणाल्या. "दोघांनी घालूया म्हणायचे. मीच नाही म्हणायची. मन व्हायचं नाही. बुधवार-शुक्रवार होते ना ऑफिसात. मग तुम्ही आमच्यात जेवायला यायला लागलात आणि सुटलं ते. पहिले काही महिने जड गेलं, खोटं कशाला बोलू. झाकण नुसतं बघत बसायची. पण वर्ष निघालं. मग म्हटलं, सुटलंच आहे तर घालून टाकू. हे एवढे खूश झाले, मॅडम. सगळ्या चाळीला पेढे वाटले. तुमच्यामुळे झालं बघा, नाहीतर मला काय जमलं नसतं."

मी जुळवलेली सगळी वाक्यं तोंडात तशीच राहिली. माफी मागायची म्हणजे त्यांना सांगायचं की तुमचं काहीतरी गेलं, आणि माझ्यामुळे गेलं. त्या तर ते मिळालं म्हणून सांगत होत्या. त्यांचं समाधान हिसकावून घेऊन मला हलकं व्हायचं होतं का? आधी एकदा मी माझ्यासाठी त्यांचं काही काढून घेतलंच होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायले.

दोन साध्या थाळ्या आल्या. वाटाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, वडे. चारी बाजूंना माणसं मासे खात होती आणि पोऱ्या आमच्याकडे जरा दयेने बघत होता. शेजारच्या टेबलावर बांगड्याचं कालवण आलं तेव्हा ताईंचा घास हातातच थांबला. त्यांनी तिकडे बघितलं नाही. नुसता श्वास घेतला आणि हळूच म्हणाल्या, "तिरफळं घातलीत." आणि घास तोंडात घातला.

मग त्यांनी विचारलं, "आता काय आणतात बुधवारी?"

मी सांगितलं, कुणी बोंबील, कुणी कोळंबी, परळच्या मुलीची सासू अजून एक तुकडी जास्तच घालते, सवयीने.

"खाऊ देत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही कुठे बसता?"

"केबिनमध्ये."

"एकट्याच?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. "असं नका करू, मॅडम," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात जावा. तुम्ही यायचात तर आम्हाला बरं वाटायचं." आणि आपल्या ताटातला एक वडा उचलून त्यांनी माझ्या ताटात ठेवला.

हे त्या मनापासून म्हणाल्या की मला बरं वाटावं म्हणून, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येईना. वर्षभर रोज समोर बसूनही मला ते कधी सांगता आलं नव्हतं.